मुलगा मोठेपणी किती उंच होईल, हे आज सांगता येतं का?

डिचोलीकडच्या एका आईने विचारलं आहे: "माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, उंची १३८ सेंटीमीटर. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. त्याचे बाबा पाच फूट पाच इंच, मी पाच फूट. त्याला फुटबॉलमध्ये गोलकीपर व्हायचं आहे आणि कोच म्हणाले, उंची होणार नसेल तर आतापासूनच दुसरी जागा बघ. मोठेपणी त्याची उंची किती होईल हे आज कळेल का? हाताचा एक्स-रे काढला की कळतं म्हणतात. उंचीची पावडर सुरू करू का? धाकटी साडेसात वर्षांची, तिची काळजी नाही. वर्गात सगळ्यांत उंच तीच, वर्षभरात दोनदा युनिफॉर्म बदलावा लागला. हल्ली छातीला धक्का लागला की दुखतं म्हणते, एवढंच."

गोव्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षं काम करतो आणि मुलांची वाढ हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तेव्हा सविस्तर लिहितो.

उंची सांगता येते. पण एक आकडा म्हणून नाही, एक पट्टा म्हणून. तो पट्टा किती रुंद, हे मुलाचं वय, त्याची हाडं आणि गेल्या दोन वर्षांत तो कसा वाढला यावर ठरतं. तुम्ही आजची उंची दिलीत, आईबाबांची दिलीत, पण गेल्या वर्षी या दिवसांत तो किती होता हे लिहिलं नाहीत. मला विचाराल तर सगळ्यांत मोलाची माहिती तीच.

आधी सोपं गणित करू. मुलगा असेल तर आईबाबांच्या उंचीची बेरीज करायची, त्यात १३ सेंटीमीटर मिळवायचे आणि निम्मे करायचे. मुलगी असेल तर १३ वजा करून निम्मे. ब्रिटिश बालवाढतज्ज्ञ जेम्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये ही रीत मांडली आणि अजून ती जगभर वापरात आहे. तुमच्या घरचा हिशोब: १६५ अधिक १५२ अधिक १३, म्हणजे ३३०. निम्मे १६५. याच्या साधारण ८ सेंटीमीटर खाली आणि ८ सेंटीमीटर वर असा पट्टा धरायचा, म्हणजे १५७ ते १७३. तुमचा मुलगा निरोगी असेल तर मोठेपणी बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असेल. सोळा सेंटीमीटरचा पट्टा ऐकून तुमची निराशा होईल हे मला ठाऊक आहे. पण सख्ख्या भावाभावांत चार-पाच इंचांचा फरक आपण गावोगाव बघतोच.

हे १३ कुठून आले? प्रौढ पुरुष आणि प्रौढ बाई यांच्या सरासरी उंचीत साधारण तेवढा फरक असतो. नऊ-दहा वर्षांपर्यंत हा फरक दिसतच नाही. मुली लवकर वयात येतात, त्यांची वाढ बाराव्या वर्षाच्या आगेमागे सगळ्यांत वेगाने होते. मुलांची चौदाव्याच्या आगेमागे. म्हणजे मुलांना ती झेप घेण्याआधी जवळजवळ दोन वर्षं जास्त मिळतात, त्या काळात ते संथपणे वाढतच असतात, आणि वर त्यांची झेपही जरा मोठी असते. सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि दहावीच्या फोटोत मुलगे उंच, ते यामुळे.

आता या गणितात काय बिनसतं ते सांगतो. पहिलं म्हणजे आईबाबांची उंची कुणी मोजलेलीच नसते, सांगितलेली असते. पासपोर्टवर किंवा लग्नाच्या बायोडेटावर लिहिलेली उंची मी धरत नाही. दोघांनाही चपला काढून स्टॅडिओमीटरखाली, म्हणजे उंची मोजायच्या उभ्या पट्टीखाली, उभं करतो, आणि बाबा दीड-दोन इंचांनी खाली येतात असं पुष्कळदा होतं. बाबांची उंची दोन इंच जास्त धरली की मुलाकडची अपेक्षा एक इंचाने चढते, आणि मग नीट वाढणारा मुलगाही मागे पडल्यासारखा वाटू लागतो.

दुसरं, दोघंही बुटकी असतील तर मुलं गणितापेक्षा किंचित वर जाण्याकडे कल असतो आणि दोघंही खूप उंच असतील तर किंचित खाली. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये दोनशेवर कुटुंबांतल्या नऊशेहून अधिक प्रौढ मुलांच्या उंच्या आईबाबांशी ताडून हे दाखवलं. संख्याशास्त्रातली फार मोठी कल्पना या उंचीच्या हिशोबातून निघाली.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. आईबाबा स्वतः पूर्ण वाढले होते का? सत्तरी तालुक्याच्या आतल्या भागातले किंवा खाणीवर कामाला आलेल्या घरांतले काही पालक पेज आणि खाऱ्या मासळीवर, वारंवार जुलाब-जंतांच्या त्रासात लहानाचे मोठे झाले. त्यांच्या अंगात जेवढी उंची होती तेवढी बाहेर आलीच नाही. त्यांचं मूल आता दूध, अंडी, लस, स्वच्छ पाणी यांवर वाढत असेल तर ते पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पुढे जाऊ शकतं. १८९६ मध्ये जन्मलेल्या आणि १९९६ मध्ये जन्मलेल्या पिढ्यांची तुलना झाली आहे, तीत दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची २० सेंटीमीटरने वाढलेली आढळली. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत. ताटात काय पडतं आणि लहानपणी किती आजार होतात ते बदलतं. एरवी एकाच काळातल्या, खाऊनपिऊन सुखी माणसांमध्ये उंचीतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि याची उलटी बाजू: बाबा त्यांच्या सगळ्या भावंडांपेक्षा कितीतरी बुटके असतील तर "मुलगा बाबांवर गेला" म्हणून गप्प बसू नये. हाडांचे काही सौम्य आनुवंशिक दोष बापाकडून मुलाकडे येतात आणि बापाचं निदान कधी झालेलंच नसतं. अशा घरात मी बाबांनाही तपासतो.

दोन वर्षांच्या वयाची उंची दुप्पट केली की मोठेपणची उंची, हा आजीचा हिशोब अगदी टाकाऊ नाही. मुलगे दोन वर्षांना आणि मुली साधारण दीड वर्षाला प्रौढ उंचीच्या निम्म्यावर येतात. पण त्या वयाच्या मुलाला सरळ उभं करणं हेच कठीण, आणि तिथे झालेली दोन सेंटीमीटरची चूक दुप्पट होऊन चार होते. मोबाइलवर जे कॅल्क्युलेटर मिळतात त्यांतले बरेच हॅरी खामिस आणि अलेक्स रोश यांच्या १९९४ च्या पद्धतीवर चालतात: मुलाची उंची, वजन आणि आईबाबांची उंची घालायची. पद्धत चांगली आहे, पण ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या गोऱ्या मुलांवर बेतलेली आहे. आपल्या मुलांसाठी तिचा आकडा अंदाज म्हणून बघावा, त्यावरून काही ठरवू नये. थुंकीचा नमुना पाठवून उंची सांगणाऱ्या जनुकीय चाचण्यांवर तर पैसे घालवूच नका. २०२२ मध्ये चोपन्न लाख लोकांच्या अभ्यासातून उंचीशी निगडित बारा हजारांवर जनुकीय फरक सापडले. तरीही युरोपीय वंशाच्या लोकांतला उंचीचा सुमारे ४० टक्केच फरक त्यांतून उलगडतो, इतर वंशांत त्याहून बराच कमी.

आता एक्स-रे. तुम्हाला कुणी सांगितलं ते बरोबर आहे, पण अर्धंच.

डाव्या हाताचा, मनगटासकट, एक साधा एक्स-रे काढतात. किरणं नगण्य असतात, त्याची भीती नको. मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथे नवं हाड तयार होतं. एक्स-रेमध्ये ती काळी फट म्हणून दिसते, कारण कूर्चा एक्स-रेवर उमटत नाही. वय वाढतं तशी मनगटातली छोटी हाडं एकेक करून दिसू लागतात, त्यांचे आकार बदलतात, फटी अरुंद होतात आणि शेवटी बुजतात. फटी बुजल्या की उंची संपली. त्या बुजवण्याचं काम इस्ट्रोजेन हे हॉर्मोन करतं, मुलग्यांमध्येसुद्धा. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली, त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश पोचतच नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी तो २०४ सेंटीमीटर होता आणि फटी उघड्या, अजून वाढतच होता. पुरुषांच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागतं, हे त्या एका माणसावरून जगाला पटलं.

तर या चित्रावरून हाडांचं वय काढतात. ग्रॉयलिक आणि पाइल यांचा चित्रसंग्रह समोर ठेवून आपल्या मुलाचा हात कोणत्या वयाच्या चित्राशी जुळतो ते बघायचं, किंवा टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने एकेका हाडाला गुण द्यायचे. मग बेली आणि पिनो यांचे १९५२ चे तक्ते काढायचे. हाडांच्या कोणत्या वयाला मुलगा आपल्या अंतिम उंचीच्या किती टक्के झालेला असतो, ते त्यांत दिलेलं आहे.

तुमच्या मुलावरच करून दाखवतो. आज तो १३८ सेंटीमीटर. त्याच्या हाडांचं वय बाराच निघालं, तर त्याची सुमारे ८३ टक्के उंची झाली आहे. हिशोब येतो १६५ वर. हाडांचं वय अकरा निघालं, तर झाली आहे ८० टक्के, आणि तो जाईल १७१-१७२ पर्यंत. हाडांचं वय तेरा निघालं, तर ८७-८८ टक्के संपली, आणि थांबेल १५७-१५८ ला. तिन्ही मुलगे आज रांगेत शेजारी शेजारी उभे केले तर उंचीला सारखे. मोठेपणी दुसऱ्या आणि तिसऱ्यात अर्ध्या फुटाच्या आसपास अंतर पडेल. बाराव्या वर्षी हाडं वयाच्या एक वर्ष पुढे किंवा मागे असणं अगदी सर्वसाधारण आहे, तो आजार नव्हे. आजच्या नुसत्या उंचीवरून कोचनी निर्णय घेऊ नये असं मी म्हणतो ते यासाठी.

पण हा आकडाही काळ्या दगडावरची रेघ नाही. तोच एक्स-रे दोन अनुभवी डॉक्टर वाचतात आणि त्यांच्यात सहा महिन्यांचा फरक पडतो. चित्रसंग्रहातली मुलं १९३० ते ४० च्या दशकांतली, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू घरांतली. शेवटी भाकीत चार-पाच सेंटीमीटर इकडेतिकडे होणार हे धरूनच चालायचं. हाडं दोन वर्षांहून जास्त मागे असतील तर हे तक्ते उंची जास्तच सांगतात, तेव्हा आईबाबांना मोठी आशा दाखवू नये. आणि दर वर्षी एक्स-रे काढत बसू नये. त्यातून नवीन काही कळत नाही, फक्त मुलाच्या मनात भरतं की आपल्यात काहीतरी खोट आहे.

म्हणून मी गतीवर जोर देतो. कोकण रेल्वेची गाडी मडगावला कधी पोचेल हे ती आता थिवीला आहे एवढ्यावरून कळत नाही. मागची स्टेशनं तिने कधी सोडली तेही बघावं लागतं. पहिल्या वर्षात मूल सुमारे २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्यात १० ते १२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६. वयात येताना मुली वर्षाला ८ च्या आसपास आणि मुलगे ९-१० पर्यंत जातात, तेही एखादं वर्षच. मधल्या काळात, म्हणजे चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत, कुठलंही मूल वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढत असेल तर त्याला तपासायलाच हवं, मग ते वर्गात कितीही उंच असो. मुलग्यांची गती झेपेच्या अगदी आधी जरा मंदावते, पण ती सूट डॉक्टरने तपासून द्यायची, घरी गृहीत धरायची नाही.

हे मोजमाप घरीच ठेवता येतं, फक्त नीट ठेवा. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारायची सवय आहे. गणेश चवथीआधी घराला रंग काढला की पाच वर्षांच्या रेघा एका दिवसात पुसल्या जातात आणि माझ्याकडे येताना हातात काहीच नसतं. रेघ मारा, पण आकडा तारखेसकट वहीत लिहा. सपाट भिंत, टणक आणि सरळ जमीन. जुन्या घरांत जमिनीला उतार असतो, तो बघून जागा निवडा. पाय उघडे, टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर, हनुवटी वर नाही. मुलींचा आंबाडा सोडा, केसांतले क्लिप काढा. डोक्यावर वही आडवी धरली की ती कलते. सुताराचा गुण्या मिळाला तर उत्तम, नाहीतर टणक चौकोनी खोका भिंतीला चिकटवून खाली आणा. दर सहा महिन्यांनी एकदा, आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळेला, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस सेंटीमीटरभर खाली बसतो. दर महिन्याला मोजू नका. महिन्याची वाढ मोजण्यातल्या चुकीपेक्षा लहान असते, उगाच जीव टांगणीला लागतो.

हे आकडे मग तक्त्यावर मांडायचे. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते. ते सहा देशांतली मुलं मोजून बनवले, त्यांत दिल्लीचीही होती. पाच ते अठरासाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचे २०१५ चे. मूल खालच्या रेषेवर आहे हे मला फारसं घाबरवत नाही. शंभरातली तीन निरोगी मुलं तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली असणारच. मूल आपली रेषा सोडून खालची रेषा गाठायला लागलं की मी सावध होतो. तुमचा मुलगा १३८ वर तक्त्याच्या खालच्या भागात पण पट्ट्याच्या आत आहे, आणि आईबाबांच्या उंचीकडे बघता ते चमत्कारिक नाही.

बुटकी मुलं बहुतेक दोन प्रकारची असतात, आणि दोन्ही निरोगी. एक, घराण्याने बुटकी: हाडांचं वय खऱ्या वयाइतकं, गती ठीक, आईबाबाही बुटके. दुसरी, उशिरा उमलणारी: हाडं मागे, वयात येणं उशिरा, आणि घरात कुणीतरी अशाच वळणाने गेलेलं. इथे मी बाबांना थेट विचारतो, "दहावीनंतर वाढलात का? दाढी कधी आली?" आईला विचारतो, पाळी कितव्या वर्षी आली. या दोन उत्तरांतून पुष्कळ कळतं. आणि मुलग्याच्या वृषणांचा आकार तपासल्याशिवाय उंचीचं भाकीत कुणी करू नये. मण्यांची एक माळ असते, तिच्याशी ताडून बघतात. चार मिलिलिटरचा मणी जुळला की वयात येणं सुरू झालं समजायचं. बाराव्या वर्षी अजून काहीच सुरू झालेलं नसेल तर तुमच्या मुलापुढे बरीच वाढ शिल्लक आहे. मुलगा लाजेल, बाबांना आत थांबू द्या, दोन मिनिटांचं काम असतं.

आजार थोड्यांना असतो, पण तो सुटता कामा नये. रक्तक्षय, थायरॉइड कमी असणं, मूत्रपिंडाचा दोष, आणि सीलिअॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसणं. आपण भात खाणारे म्हणून हा शेवटचा आजार आपल्याकडे कुणाच्या मनात येत नाही, पण सकाळ-संध्याकाळ पदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोयी आणि पाव घरात असतोच. पोट फुगलेलं, रक्त वाढत नाही, उंची अडली, असं मूल असेल तर ती रक्ततपासणी करून घ्या. मुलगी कारण न सापडता बुटकी असेल तर गुणसूत्रांची तपासणी हवीच. टर्नर सिंड्रोम सुमारे दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला असतो, कधीकधी उंचीखेरीज बाहेरून काहीच दिसत नाही, आणि वेळेवर कळला तर उपचार आहेत. दम्याचा स्प्रे उंची खुंटवतो म्हणून पुष्कळ पालक तो परस्पर बंद करतात. स्प्रेतलं बुडेसोनाइड हे औषध रोज घेतलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला आहे. फरक सुमारे एक सेंटीमीटरचा आढळला. बंद केल्याने दमा उसळतो आणि त्यानेही वाढ खुंटते. स्प्रे चालू ठेवा.

पावडर सुरू करू नका. नीट जेवणाऱ्या मुलाची उंची दुधात मिसळायच्या कुठल्याही पावडरीने वाढत नाही. साखर मात्र बरीच पोटात जाते आणि वजन वाढतं. लटकण्याने, दोरीच्या उड्यांनी, बास्केटबॉलने उंची वाढत नाही. उंच मुलं बास्केटबॉलला निवडली जातात. खेळू दे, खेळण्यासाठी. ताटात प्रथिनं असू देत: बांगडे, तारले, अंडं, अळसांदे, मूगगाठी, कुळीथ, दूध, दही, सकाळी नाचणीचं तिझान. जून-जुलैच्या मासेबंदीत काही घरांत मुलं नुसत्या भात-कढीवर राहतात, तेवढं बघा. रोज उन्हात खेळणं आणि पुरेशी झोप. याने घराण्याची उंची ओलांडली जात नाही, पण आपल्या वाट्याची उंची पुरती मिळते.

ग्रोथ हॉर्मोनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ते खरं औषध आहे, रोज रात्री त्वचेखाली टोचायचं, वर्षानुवर्षं, आणि महाग. ज्यांच्या शरीरात ते तयारच होत नाही त्यांना, टर्नरच्या मुलींना, जन्मतः लहान राहून पुढे भरून न निघालेल्या मुलांना त्याचा मोठा फायदा होतो. निरोगी बुटक्या मुलाला अनेक वर्षं टोचूनही सरासरी चार-सहा सेंटीमीटर मिळतात, कुणाला तेही नाहीत. त्याची कमतरता एका रक्ताच्या नमुन्यावरून ठरत नाही, कारण ते दिवसभरात झटक्याझटक्याने आणि मुख्यतः झोपेत स्रवतं. त्यासाठी औषध देऊन काही तास नमुने घ्यावे लागतात. हे काम बाल-हॉर्मोनतज्ज्ञाचं. तपासणीसाठी पहिली पायरी म्हणून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहेच. एक विनंती मात्र सगळ्या पालकांना: यायचं तर वयात येण्याआधी या. बारावीची परीक्षा झाल्यावर सैन्यभरती किंवा स्थळं समोर ठेवून माणसं येतात. एक्स-रेत फटी बुजलेल्या असतात आणि माझ्या हातात काही उरत नाही. मुलाच्या हाडांचं वय सोळा आणि मुलीचं चौदा झालं की ९८ टक्के उंची झालेली असते. पहिली पाळी आल्यानंतर मुली साधारण पाच-सात सेंटीमीटर वाढतात, त्याहून फार नाही.

गोलकीपरचं काय? १६५ च्या आसपासची उंची त्या जागेला कमी पडते हे कोचचं म्हणणं खोटं नाही. पण बाराव्या वर्षी ठरवायची ती गोष्ट नव्हे. इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांच्या अकादमींत आता काही सामने वयाऐवजी मुलं आपल्या अंदाजित उंचीच्या किती टक्के झाली यावर गट पाडून खेळवतात, म्हणजे लवकर वाढलेल्या दांडगटांमुळे उशिरा वाढणारा गुणी मुलगा बाहेर फेकला जात नाही. आपल्या गावागावांतल्या तेरा-पंधरा वर्षांखालच्या स्पर्धांत नेमकं तेच होतं आहे. कोचना सांगा, दोन वर्षं त्याला गोलातही उभं करा आणि पायानेही खेळवा. लिओनेल मेस्सीला लहानपणी ग्रोथ हॉर्मोनची कमतरता होती, उपचार झाले, आणि तो १७० सेंटीमीटरवर थांबला. सुनील छेत्रीही तेवढाच. मैदानात इतर जागा आहेत, आणि मुलाला त्या आवडूही शकतात.

आता धाकटी. तुमच्या पत्रात मला खरी घाई तिची वाटते. साडेसात वर्षांची, एकाएकी उंच होणारी, आणि छातीला दुखतं. आठ वर्षांच्या आत मुलीच्या छातीत गाठ येऊ लागली तर ते वयात येणं लवकर सुरू झाल्याचं लक्षण असू शकतं. अशी मुलगी आज वर्गात सगळ्यांत उंच दिसते, पण तिच्या हाडांचं वय पुढे पळत असतं, फटी लवकर बुजतात, आणि मोठेपणी तीच मैत्रिणींपेक्षा बुटकी राहण्याची शक्यता असते. तुमच्या घरच्या हिशोबाने तिचा पट्टा १४४ ते १६० आहे. आज ती त्या पट्ट्याला शोभेल त्याहून कितीतरी वरच्या रेषेवर असणार, आणि तेच खटकतं. दर वेळी तसंच असतं असं नाही. कधी नुसती छातीची वाढ सुरू होते, पुढे सरकत नाही, आणि लक्ष ठेवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. पण ते तपासून, हाडांचं वय काढून, चार-सहा महिन्यांची गती बघूनच सांगता येतं. ती खरोखर वेगाने वयात येत असेल तर ते काही काळ थांबवणारी इंजेक्शनं आहेत, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक. ती जितकी लवकर सुरू होतात तितका उंचीला उपयोग. आठ उलटल्यावर फायदा कमी कमी होत जातो. बहुतेक मुलींत यामागे कुठला आजार सापडत नाही, तेव्हा घाबरू नका. फक्त पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. तिला या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञाला दाखवा, शाळेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर घेऊन जा, आणि थोरल्यालाही त्याच फेरीत सोबत न्या.